भाकरीवरचे घुबड आणि अंजिराचा मोर



मागच्या महिन्यात तिसरीच्या मुलींनी या भिंतीवर पक्ष्यांच्या घरट्यांचा लेख लावला होता. तो सर्वांनी वाचला असेलच. या वेळी चौथीची पाळी आहे. बाईंनी मला विषय दिला, 'फळांनी सजवलेला खाऊ'. आम्ही तो आधी करून पाहिला, खाल्ला, आणि मग लिहिला. लेख लांबला म्हणून चार कागद एकाखाली एक डकवले आहेत. पहिलीच्या मुलांनी वरचा कागद वाचायला बाकावर चढू नये, मोठ्यांकडून वाचून घ्यावा.

प्रथम आपल्या फळांविषयी लिहितो. आपला पुरंदर तालुका पुणे जिल्ह्यात आहे. इथे पाऊस कमी, जमीन मुरमाड, पण अंजीर आणि सीताफळ फार चांगले येते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पुरंदरचे अंजीर म्हणून दुसरीकडचे अंजीर विकता येत नाही. त्याच वर्षी जळगावच्या केळ्यांना नि सोलापूरच्या डाळिंबांनाही ते मिळाले. अंजिराचे दोन बहार असतात. थंडीत येतो तो खट्टा बहार आणि उन्हाळ्यात येतो तो मीठा बहार. नाव खट्टा असले तरी फळ गोडच असते बरे का, मिठ्याइतके नसते एवढेच.

आता एक गंमत. अंजीर मधोमध कापून पाहा. आत बारीक बारीक केसरासारखे दिसते ना? ती सगळी फुले आहेत. अंजिराच्या झाडाला बाहेर फूल दिसत नाही, कारण फुले फळाच्या पोटातच असतात. वड, पिंपळ, उंबर ही सगळी अंजिराची भावकी. उंबर फोडले की आत चिलटे दिसतात. ती चिलटे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला पोचवतात. आपल्याकडच्या अंजिराला त्यांची गरज लागत नाही, ते तसेच धरते. म्हणून अंजीर फोडले की चिलटे उडत नाहीत आणि आजी फुंकर न मारता खाते.

पण मित्रांनो, एवढी फळे आपल्या गावात होतात, ती आपण खातो का? बाईंनी हाच प्रश्न वर्गात विचारला. आमच्या वर्गात आम्ही २३ जण आहोत. आदल्या दिवशी कोणी कोणी फळ खाल्ले, हात वर करा, असे बाई म्हणाल्या. चार हात वर आले. मग विचारले, पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा कोणी कोणी खाल्ला? १७ हात वर आले. त्यात ज्यांच्या बागा आहेत त्यांचेही होते. माझाही होता.

याचे कारण मला माहीत आहे. आमच्या घरी अंजिराची ऐंशी झाडे आहेत. तोडा पहाटे होतो. आई, आजी आणि दोन मावश्या बॅटरीच्या उजेडात फळे काढतात. चीक अंगाला लागून हात खाजतात, म्हणून जुन्या शर्टाच्या लांब बाह्या घालतात. मग खाली पाने अंथरून एकसारखी फळे पाटीत लावायची आणि गाडीत घालून पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवायची. आजोबांचा नियम असा, की चांगले फळ पाटीत, फुटके फळ घरात. फुटके फळ दुपारपर्यंत आंबते, त्यावर माश्या बसतात. मग ते आम्ही खात नाही, शेळी खाते. पेरूचे पण तसेच. बांधावर एक झाड असते त्याचे पेरू पोपट खातात.

दुसरी गोष्ट आमच्या बारकीची. ती माझी धाकटी बहीण. तिला घरात सगळे बारकीच म्हणतात. ती साडेतीन वर्षांची आहे आणि अंगणवाडीत जाते. अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला सगळ्या मुलांचे वजन करतात आणि कार्डावर ठिपका देतात. कार्डावर तीन पट्टे असतात, हिरवा, पिवळा आणि नारंगी. ठिपका हिरव्यात असला तर ठीक. बारकीचा ठिपका दिवाळीनंतर पिवळ्यात गेला. ताई घरी येऊन आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरगी काय खाते?" आई म्हणाली, "भाकरी पुढं केली की तोंड फिरवते. चहा-चपाती तेवढी खाते. नाहीतर दुकानातला पुडा." ताई काही रागावल्या नाहीत. पण त्या गेल्यावर आई बराच वेळ चुलीपाशी गप्प बसली होती. मी तेव्हा पाढे लिहीत होतो, पण मला ते दिसले.

म्हणून बाईंनी फळांच्या खाऊचा उपक्रम सांगितला तेव्हा मी घुबडाचे चित्र सगळ्यात आधी काढले.

बाईंनी नियम केला की बाजारातून काही आणायचे नाही. घरात, बांधावर, ओढ्याला जे असेल ते आणायचे. फक्त केळी आणि लिंबे वर्गाच्या पैशातून घ्यायची. दुसरा नियम असा की शनिवारी सकाळी आल्याआल्या प्रत्येकाने आपली पिशवी कोपऱ्यातल्या मोठ्या हाऱ्यात रिकामी करायची आणि वर फडके झाकायचे. कोणी काय आणले हे विचारायचे नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, ज्याचं फळ त्याचं नाव चिठ्ठीवर लिहू." बाई नको म्हणाल्या. मला वाटते ते बरे झाले. आमच्या वर्गात तीन मुले वीटभट्टीवरची आहेत, त्यांना शेत नाही. फडके काढले तर आत पेरू, पपई, डाळिंबे, अंजिरे, चिकू, गाजरे आणि पसाभर बोरे होती. एका घरून काळ्या द्राक्षांचा घोस आला होता. बोरे कोणाची ते मला माहीत आहे, पण नियम आहे म्हणून लिहीत नाही.

आता कृती सांगतो.

खाऊला खाली बैठक लागते. नुसती फळे ताटात मांडली तर ती घसरतात, आणि पोटही भरत नाही. आम्ही बाजरीची नि ज्वारीची भाकरी घेतली. मोठी भाकरी नको, चानकी हवी. चानकी म्हणजे लहान मुलांसाठी थापलेली तळहाताएवढी भाकरी. हा शब्द मला आजीने सांगितला. आधी आजी चिडली होती. "जेवणाशी खेळायला शिकिवत्यात व्हय शाळंत?" असे म्हणाली. मग मी म्हणालो, "आजी, मला लहान लहान भाकऱ्या पाहिजेत." तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हंजी चानकी! तुझ्या बापाला रोज करून देत व्हते. बोटानं डोळं पाडायची न् नाक चिमटून द्यायची, तवा खायचा." म्हणजे हा उपक्रम आमच्या घरात बाबा लहान असल्यापासून चालू आहे, फक्त त्याला उपक्रम म्हणत नव्हते. बाबांना विचारले तर ते म्हणाले, मला काही आठवत नाही. पण कान लाल झाले होते.

भाकरी जुनी असली तर वाटीची कड दाबून तिचा गोल कापता येतो. कडेचे उरलेले तुकडे टाकू नयेत, त्यांचे पंख आणि कान होतात.

भाकरीवर फळ चिकटावे म्हणून शेंगदाण्याचा डिंक करायचा. दोन वाट्या भाजलेले, सोललेले शेंगदाणे खलबत्त्यात कुटायचे. कूट बारीक झाले की त्यात एक वाटी चिरलेला गूळ घालायचा आणि पुन्हा कुटायचे. कुटत राहिले की दाण्याला तेल सुटते आणि गोळा ओला होतो. तो बोटाने भाकरीवर पसरतो. आमच्या वर्गात कुटण्यावरून भांडणे झाली, कारण सर्वांनाच कुटायचे होते. शेवटी प्रत्येकी वीस ठोके ठरले. गोळा तयार होईपर्यंत थोडा कमी झाला होता. कारण उघड आहे.

पांढरा रंग लागला तर चक्का वापरावा. रात्री दही फडक्यात बांधून खुंटीला टांगले की सकाळी चक्का होतो.

चाकू आणि विळी मुलांनी घ्यायची नाही. पेरू, गाजर आणि चिकू बाईंनी नि शाळेत भात शिजवणाऱ्या मावशींनी चिरून दिले. पण केळे आणि पिकलेली पपई आम्ही स्वतः कापली, आणि ती दोऱ्याने. शिवणाचा पांढरा दोरा गरम पाण्यात धुवायचा. तो केळ्याखालून घ्यायचा, वर दोन्ही टोके एकमेकांवरून घालून ओढायची. चकती पडते, अगदी गोल, आणि बोटही कापत नाही. पहिलीच्या मुलांनासुद्धा हे जमते. सगळ्या उपक्रमात मला हीच गोष्ट जास्त आवडली.

केळ्याच्या चकत्या करून ठेवल्या की त्या थोड्या वेळाने काळ्या पडतात. घुबडाचे डोळे काळे पडले तर ते आजारी दिसते. म्हणून आम्ही तीन वाट्यांचा प्रयोग केला. प्रत्येक वाटीत पाच चकत्या. पहिली वाटी तशीच ठेवली. दुसरीत चकत्यांवर लिंबू पिळले. तिसरीत चकत्या बुडतील एवढे पाणी घातले. नऊ वाजता ठेवल्या आणि दहा वाजता पाहिल्या. पहिल्या वाटीतल्या चकत्या तपकिरी झाल्या होत्या, कडेला जास्त. दुसरीतल्या जवळजवळ होत्या तशाच होत्या. तिसरीतल्याही फार काळ्या पडल्या नव्हत्या, पण पाणचट झाल्या आणि त्यांची चव गेली.

याचे कारण असे. फळ कापले की त्यातला एक पाचकरसासारखा पदार्थ, त्याला विकर म्हणतात, आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात. त्यामुळे फळातल्या काही द्रव्यांचा रंग तपकिरी होतो. लिंबाच्या आंबटपणात विकर नीट काम करीत नाही. शिवाय लिंबातले क जीवनसत्त्व रंग पालटू देत नाही. पाण्यात बुडवले तर हवा कमी पोचते. तुमची आई वांगी चिरून पाण्यात का टाकते? याच कारणासाठी. मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "मला कारण ठाऊक नव्हतं, पण पाणी ठाऊक होतं."

आता सजावटीचे प्रकार. आम्ही सहा केले, पण त्यातले तीन चांगले झाले, तेवढेच लिहितो.

घुबड. गोल चानकीवर दाण्याचा डिंक पसरावा. वरच्या बाजूला केळ्याच्या दोन चकत्या डोळे म्हणून लावाव्यात. बुबुळासाठी काळे द्राक्ष उभे चिरून त्याची एकेक फोड ठेवावी. द्राक्ष नसेल तर मनुका चालेल. चोच पपईच्या त्रिकोणी तुकड्याची. खाली पोटावर पेरूच्या पातळ अर्धगोल फोडी एकावर एक लावाव्यात, कौले लावतात तशा. त्यांची पिसे दिसतात. घुबडाला लोक अशुभ मानतात, म्हणून एका मुलीने आधी ते केले नाही. बाई म्हणाल्या, घुबड उंदीर खाते, ज्याच्या शेतात घुबड त्याचे धान्य वाचते. मग तिनेही केले आणि तिचे सगळ्यात जाड झाले.

बैलगाडी. हिला जागा लागते म्हणून मोठी चपाती घ्यावी. पेरू आडवा कापला की गोल चकती पडते आणि मध्ये बियांचे कडे दिसते. ती गाडीची चाके. चपातीची एक चौकोनी घडी म्हणजे साटा. सोललेल्या उसाची कांडी म्हणजे दांडी. दोन टपोरी बोरे म्हणजे बैल, त्यांना ओल्या खोबऱ्याच्या किसणीवर लांब काढलेल्या वाकड्या पट्ट्या लावून शिंगे करायची.  एका बोराला डाग होता. तो करणारा म्हणाला, "आमचा बैल बांडा आहे." त्या दिवसापासून त्या मुलाला सगळे गाडीवान म्हणतात आणि त्याला ते आवडते. डाळिंबाचे दाणे साट्यात भरले की माल भरलेला दिसतो.

अंजिराचा मोर. हा सर्वांत देखणा. अंजीर देठासकट उभे अर्धे कापावे. देठाकडची बाजू निमुळती असते, ती मोराची मान झाली, आणि खालचा फुगीर भाग पोट. सालीची बाजू वर ठेवली तर जांभळा मोर, आतली बाजू वर ठेवली तर लाल मोर. मागे पेरूच्या लांब फोडी पंख्यासारख्या पसराव्यात. प्रत्येक फोडीच्या टोकाला दाण्याच्या डिंकाचा ठिपका आणि त्यावर डाळिंबाचा एकच दाणा. दोन दाणे ठेवले तर ते बिघडते. डोक्यावरचा तुरा गाजराच्या किसाचा. मोर खाताना देठ काढून टाकावा, त्याला चीक असतो.

या मोरासाठी अंजिरे मी नेली होती. आदल्या संध्याकाळी आजोबांकडे मागितली. ते म्हणाले, "फुटकी ने की." मी म्हणालो, "फुटक्याची मान सरळ राहत नाही." आजोबा काही बोलले नाहीत. पण पहाटे पाटी लावताना त्यांनी वरच्या थरातली बारा फळे काढून माझ्या डब्यात लावली, खाली पान घालून, मार्केटला लावतात तशीच. त्यातली काही आम्ही कापली नाहीत, तशीच वाटून खाल्ली. ज्या मुलांच्या घरी बाग नाही त्यांच्यापैकी एकाने पाटीतले पहिल्या प्रतीचे अंजीर कधीच खाल्ले नव्हते. खरे सांगायचे तर बाग असून मीही फार थोड्या वेळा खाल्ले होते.

आता थोडे शास्त्र. हे बाईंनी फळ्यावर लिहून दिले, मी उतरून घेतले.

नुसती फळे किंवा नुसती भाकरी खाण्यापेक्षा दोन्ही बरोबर का खावीत? बाजरीत लोह असते. रक्त लाल राहायला लोह लागते, ते कमी पडले तर मूल दमते, फिकट दिसते. पण धान्यातले लोह आपले शरीर सगळे घेत नाही, बरेचसे वाया जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर जास्त लोह घेतले जाते. आणि क जीवनसत्त्व पेरूत भरपूर असते. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच संत्र्यात ४० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना लोक संत्री नेतात, पण बांधावरचा पेरू त्याच्या चौपट आहे. पोपटांना हे आधीपासून माहीत असावे.

चहाचे याच्या उलट आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी घेतले जाते. चहा-चपाती खाणाऱ्यांनी हे नीट वाचावे. आमच्या वर्गात सकाळी चहा-चपाती खाऊन येणारे १४ आहेत. चपाती दुधाबरोबर किंवा गुळाबरोबर खाल्ली तरी चालते.

पपई आणि गाजर यांच्या केशरी रंगापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते डोळ्यांना लागते. ते घ्यायला बरोबर थोडे तेल किंवा तूप असावे लागते. आपल्या डिंकात दाण्याचे तेल आहेच. म्हणजे घुबडाची पपईची चोच दाण्याच्या डिंकात बुडवून खाणे हे शास्त्राला धरून आहे.

आता हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून लाल शाईने लिहिले आहे. आपण खाऊ करतो तो धाकट्या भावंडांसाठी, आणि त्यांचा घसा लहान असतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे द्राक्ष कधीही देऊ नये. ते गोल आणि गुळगुळीत असते, श्वासाच्या वाटेत बरोबर बुचासारखे बसते. द्राक्षाचे उभे चार भाग करावेत. आडवे कापले तर तुकडा गोलच राहतो, म्हणून उभे. अख्खे शेंगदाणेही देऊ नयेत, कूटच द्यावे. बोराची आणि चिकूची बी काढूनच फळ द्यावे. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो. संक्रांतीनंतर घरोघर बोरन्हाण होते तेव्हा लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे ओततात आणि पोरे ते गोळा करतात. मोठ्या मुलांनी खावे, पण ज्याचे बोरन्हाण तो तर बहुतेक दोन-तीन वर्षांचाच असतो, त्याच्या मुठीकडे कोणीतरी लक्ष ठेवावे. कच्चे गाजर लहानांना किसून द्यावे. खोबऱ्याची शिंगे त्यांना देऊ नयेत. सजावट टिकावी म्हणून काडी किंवा टाचणी टोचू नये, डिंक आहे ना? आणि खाताना मुलाला बसवावे, पळत पळत घास भरवू नये.

फळे कापायच्या आधी धुवावीत, कापल्यावर नव्हे. साल खायची नसली तरी धुवावीत, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. बागेत औषध फवारले असेल तर किती दिवस तोडा करायचा नाही ते बाटलीवर लिहिलेले असते, घरच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय झाडावरचे तोडून तोंडात घालू नये. कापलेली फळे उघडी ठेवू नयेत, करून लगेच खावीत. आमचा खाऊ साडेदहाला तयार झाला आणि पावणेअकराला संपला.

आता बारकीचे काय झाले ते सांगतो.

त्या शनिवारी दुपारी मी घरी जाऊन तिच्यासाठी घुबड केले. द्राक्षाची बुबुळे चौथाई फोडीची. ताटली तिच्यापुढे ठेवली आणि काही बोललो नाही. बाईंनी सांगितले होते, खा खा म्हणायचे नाही. ती बराच वेळ बघत बसली. मग तिने एक डोळा काढून खाल्ला. मग दुसरा. म्हणाली, "आता त्याला दिसत न्हाई." आणि उठून गेली. भाकरी तशीच राहिली. आजी म्हणाली, "बघ, झालं खेळून."

दुसऱ्या दिवशी मी केलेच नाही. चानकी, डिंकाची वाटी आणि फोडी तिच्यासमोर ठेवल्या आणि माझा अभ्यास करीत बसलो. तिने स्वतः केले. डिंक भाकरीपेक्षा फ्रॉकला जास्त लागला. तिच्या घुबडाला तीन डोळे होते आणि चोच कपाळावर होती. आजीने विचारले, "हे काय गं?" तर म्हणाली, "हे माजं हाय." आणि ते तिने सगळे खाल्ले, कडेसकट. आजीने तिच्यासमोर काही म्हटले नाही, चुलीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी मात्र स्वतःहून दोन चानक्या जास्त थापल्या.

तेव्हापासून रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा ती स्वतः करते. घुबडच करते. मोर दाखवला तर नको म्हणते. कधी कधी फळ नसते, तेव्हा डाळीच्या वरणाने नाक-डोळे काढते. पुडा अजून मागते, पण भाकरी खाऊन झाल्यावर.

या महिन्यात ताईंनी वजन केले. ठिपका अजून पिवळ्यातच आहे. पण मागचा ठिपका आणि हा ठिपका जोडला तर रेघ वर जाते आहे, आधी ती आडवी होती. ताई आईला म्हणाल्या, "एकट्या पेरूनं वजन वाढत नाही वहिनी, दूध, डाळ, अंडं पण द्या. पण पोरगी ताटाला हात लावायला लागली, आता देता येईल." कार्ड आमच्या घरी खुंटीवर पिशवीत आहे. आई अधूनमधून काढून बघते. मला रेघ वाचता येते म्हणून मलाच विचारते, "वरच चाललीय ना रे?"

उपक्रमाचा जमाखर्च असा. वर्गाच्या पेटीतून केळी दीड डझन ७० रुपये, लिंबे चार १० रुपये, गूळ अर्धा किलो ३० रुपये, एकूण ११० रुपये. शेंगदाणे घरोघरून मूठ मूठ आले. उरलेला गूळ मावशींकडे ठेवला आहे, त्याला मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला आहे. तो वर्गाचा आहे, कोणी बोट घालू नये.

येत्या शनिवारी दुसरीचा वर्ग हा खाऊ करणार आहे आणि चौथीतली सहा मुले त्यांना दोऱ्याने केळे कापायला शिकवणार आहेत. अंगणवाडीची मुलेही येणार आहेत, त्यांच्यासाठी द्राक्षे आधीच उभी चिरून ठेवायची आहेत. वाट्या कमी पडतात. ज्यांच्या घरी पातळ कडेची जुनी स्टीलची वाटी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत आणून द्यावी, खाली कोळशाने आपले नाव घालावे, म्हणजे परत करता येईल. हाऱ्यात फळे घालताना मात्र नाव घालायचे नाही.